वीरपत्नीची खुर्ची

"पदर नीट घे आन् जाऊन खुर्चीवर बस," आबा म्हणाले.

"आत्तापास्नं? कार्यक्रम दहाला हाय न्हवं?"

"दहाला हाय म्हणूनच आत्तापास्नं."

माझे सासरे सुभेदार होऊन फौजेतून घरी आले त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी घरात अजून त्यांचीच शिट्टी चालायची. फौजेत वेळ कशी चालते ते आबा मोठ्या कौतुकाने सांगत. कर्नल म्हणतो दहा. मेजर खाली सांगतो साडेनऊ. सुभेदार त्याचे नऊ करतो, आणि हवालदार जवानांना आठलाच रांगेत उभं करून मोकळा होतो. मालदेववाडीत कर्नल, मेजर, हवालदार असे सगळे एकटे आबाच होते. त्यामुळे गावातले झाडून सगळे माजी सैनिक त्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या शाळेच्या मैदानावर हजर झाले होते. कुणाचा कोट पोटावर बसत नव्हता, कुणाच्या बुटाला लेस नव्हती, पण छातीवरची पदकं मात्र सगळ्यांची लखलखत होती.

मी स्टेजवर चढले. पांढऱ्या अभ्र्यांच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर कागद चिकटवला होता. ‘मा. मंत्रिमहोदय’, ‘मा. आमदार’, ‘मा. सभापती’. माझ्या खुर्चीवर नुसतंच ‘वीरपत्नी’. तिला मा. लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी बसले आणि हातातली कापडी पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली. पिशवीत इस्त्री केलेला पांढरा एप्रन होता आणि केमिस्ट्रीचं जर्नल होतं. बारा वाजता साताऱ्याच्या कॉलेजात माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. साडेदहाची एसटी मिळाली तर मी वेळेत पोचणार होते. ती चुकली तर दुसरी थेट दुपारी.

स्टेजच्या उजव्या अंगाला चौथऱ्यावर उत्तमचा अर्धपुतळा केशरी कापडाखाली झाकून ठेवला होता. उत्तम म्हणजे माझा नवरा. फौजीच्या बायकोने लग्नाचं वय सुट्ट्यांत मोजायचं असतं. आमच्या लग्नाला तीन सुट्ट्या झाल्या होत्या तेव्हा तो कुपवाड्यात गस्तीवर गेला आणि तिरंग्यात गुंडाळून परत आला. मूलबाळ नव्हतं. माहेरची माणसं न्यायला आली होती, पण मी गेले नाही. का गेले नाही ते मलाही नीट सांगता यायचं नाही. त्या घरात उत्तमची सुट्टी अजून संपायची आहे असं वाटायचं, एवढंच.

वर्षश्राद्ध झालं आणि एके दिवशी आबांनी मला राजदूत फटफटीवर मागे बसवून साताऱ्याला नेलं आणि कॉलेजच्या ऑफिसात उभं केलं. मी बारावी सायन्स पास होते, पुढचं लग्नामुळे राहिलं होतं. आबांनी हे एकाएकी कुठून काढलं ते मला कळेना, आणि त्यांना विचारायची सोय नव्हती. त्या संस्थेत सैनिकाच्या विधवेला सगळी फी माफ होती. खिडकीतला क्लार्क चांगला माणूस होता, पण त्याने बजावून सांगितलं, "बाई, एक ध्यानात ठेवा. नापास झालात किंवा परीक्षा चुकवलीत, की सवलत गेली. कारण कसलंही असो. आमच्या हातात मग काही राहत नाही."

आबांची पेन्शन घरखर्चाला आणि विहिरीच्या मोटारीला पुरायची. माझी उत्तमच्या नावाने येणारी पेन्शन धाकट्या दिराच्या शिक्षणाला जात होती, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. म्हणजे सवलत गेली की कॉलेज गेलं, हे मला पक्कं माहीत होतं.

गावात मात्र मी शिकते असं कुणी म्हणायचं नाही. ‘उत्तमच्या नावावर शिकते’ असं म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते जास्त टोचायचं. वर्गात बसले की वाटायचं, बाकावर अर्धी जागा त्याची आहे, जरा सरकून बसावं. फक्त प्रयोगशाळेत असं होत नसे. ब्युरेटची तोटी बोटाने हळूहळू सोडायची, खालच्या चंबूत एका थेंबाला रंग फिरतो तो क्षण पकडायचा. त्या वेळी मी कुणाची कोणी नसायचे. मला ते फार आवडायचं.

आणि उरलेल्या वेळात मी खुर्चीवर असायचे. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, शाळेचं गॅदरिंग, पतसंस्थेचं उद्घाटन. नाव पुकारलं की उठायचं, शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, पुन्हा बसायचं. आमच्या घरात खोबऱ्याला तोटा नव्हता. भाषणं लांबली की मी मनातल्या मनात समीकरणं सोडवायचे, आणि तीही संपली की पदराआड जांभया द्यायचे.

आत्या कधी पुढे यायच्या नाहीत. सासूला आमच्याकडे आत्याच म्हणतात. मैदानाच्या कडेला कडुलिंब आहे, त्याच्याखाली बायकांच्या घोळक्यात त्या उभ्या राहायच्या. ‘आत्या, बसा की वर एखाद्या खुर्चीवर’ असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "नको बाई. गुडघं दुखत्यात. उठ-बस हुईत न्हाई." आणि घरी दिवसभर चुलीपुढे उकिडव्या बसून भाकरी थापायच्या. मी त्यावर फार विचार केला नाही.

पुतळ्याच्या कार्यक्रमाची तारीख घेऊन सरपंच बबनराव घरी आले, तेव्हा मी नुकतीच कॉलेजातून आले होते. त्यांनी तारीख सांगितली.

"त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल हाय," मी म्हटलं.

बबनराव हसले. त्यांना वाटलं मी सहज सांगतेय. "मंत्र्यांची तारीख आपल्या हातात न्हाई, वहिनी. चार महिनं मागं लागलोय तवा मिळाली."

"मग माझ्याबिगर करा."

"तुमच्याबिगर? अवं, पत्रिकेत छापलंय, ‘वीरपत्नीच्या उपस्थितीत’. मंत्री हार कुणाला घालणार? आन् राग मानू नका, पण कॉलेजात तुम्ही जाताय त्ये कुणाच्या जिवावर? फी कुणाच्या नावानं माफ झाली? त्याच्याच पुतळ्याला तुम्ही न्हाई म्हणताय."

मी आबांकडे पाहिलं. ते सुपारी कातरत होते.

"कार्यक्रम दहाला हाय," आबा म्हणाले. "दहा म्हंजे दहा. अनावरणाला किती येळ लागतोय? दोरी वढायची, सलामी, संपलं. साडेदहाच्या गाडीला ती मोकळी."

"आबा, मंत्री येळेवर आला न्हाई तर?"

"का येणार न्हाई? येळ त्यानंच दिलीया."

या माणसाला काय सांगायचं? ज्याने आयुष्यभर घड्याळाच्या आधी हजेरी दिली, त्याला वेळ देऊन न येणारा माणूस असतो हेच ठाऊक नव्हतं. बबनरावांना ठाऊक होतं. ते गालातल्या गालात हसत चहा पीत होते.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या आत्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "न्हाई बसली ती खुर्चीवर एक डाव, तर काय आभाळ पडणार हाय का?"

मला वाटलं, टोमणा आहे. तुझ्यावाचून काही अडत नाही, असं त्या म्हणतायत. मी तोंड फुगवून आत गेले आणि त्या दिवशी जेवताना त्यांच्याशी बोलले नाही.

म्हणून त्या सकाळी मी पिशवी घेऊन खुर्चीवर बसले होते. आबांचा मंत्र्यावर विश्वास होता, आणि माझा दुसरा इलाज नव्हता.

नऊ वाजले. लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी आलटून पालटून लागत होती. शाळेची पोरं रांगेत बसून एकमेकांना चिमटे काढत होती. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. मी कडुलिंबाखाली पाहिलं. आत्या उभ्या होत्या. त्यांनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, हिरवं, लाल काठाचं. उत्तमच्या लग्नानंतर ते पेटीतून निघालंच नव्हतं. मुलाच्या पुतळ्यासाठी एवढं नटायचं काय, असं माझ्या मनात आलं. मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग येत होता.

दहा वाजले. आबांनी घड्याळात पाहिलं आणि मोठ्याने हुकूम दिला, "परेड, सावधान!" म्हातारे ताठ झाले. सगळं मैदान रस्त्याकडे बघू लागलं. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

बबनरावांना फोन आला. ते कानात बोट घालून बोलले आणि माईकवर येऊन म्हणाले की मंत्रिमहोदय साताऱ्याहून निघालेले आहेत. जरा वेळाने पुन्हा फोन आला. मंत्रिमहोदय वाटेत एका दूध संघाच्या इमारतीला धावती भेट देऊन येत आहेत. मग फोन आला नाही. बबनरावांनी नवी कॅसेट लावायला सांगितली.

माझे पाय आपोआप हलत होते. मी ते एकावर एक दाबून धरले. पिशवी चाचपून पाहिली. मनातल्या मनात हिशोब केला. प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक असतो, तो हजेरी घेऊन दार लावून घेतो. पुन्हा घेतली जात नाही. लेखी पेपर चुकला तर निदान लोक हळहळतात, प्रॅक्टिकल चुकलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. आबा अजून सावधानमध्येच उभे होते. ‘विश्राम’ म्हणायचं विसरले होते की मंत्र्यावर रुसले होते, देव जाणे. त्यांच्यामागच्या म्हाताऱ्यांचे गुडघे लटपटायला लागले होते.

आणि फाट्यावर एसटी आली. स्टेज रस्त्याच्या बाजूला तोंड करून होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. बस थांबली. एक बाई दोन टोपल्या घेऊन चढली. कंडक्टरने घंटा दिली. बस गेली. तिच्यामागे धूळ उडाली आणि खाली बसली.

मी उठले. उठायचं असं ठरवून उठले नव्हते. पिशवी काढली, पायऱ्या उतरले आणि मैदानाच्या कडेने चालायला लागले. चालत साताऱ्याला जाता येत नाही हे मला कळत होतं. पण बसून राहणं आता होत नव्हतं.

बबनराव धावत आडवे आले. "वहिनी, कुठं निघाला?"

"प्रॅक्टिकलला."

"अवं बसा! आत्ता येतील. खुर्ची रिकामी दिसली तर काय तोंड दाखवू मी? दोन वर्षं फुकट शिकताय ते..."

"फी त्यांच्या नावानं माफ हाय," मी म्हटलं, "परीक्षा माझ्या नावानं हाय. ती मलाच द्यावी लागतीया."

माझा आवाज चढला होता. गाणं नेमकं त्याच वेळी संपलं आणि सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. पोरं चिमटे काढायची थांबली. मी आबांकडे पाहिलं. ते माझ्यासमोर, हाकेच्या अंतरावर, ताठ उभे होते. नजर समोरच्या कमानीवर. आबांची राजदूत शाळेच्या भिंतीला टेकवलेली होती. गावात दुसऱ्याही फटफट्या होत्या, पण त्यांचे मालक त्या दिवशी आबांच्या मागे रांगेत उभे होते. आबांनी एक शब्द काढला असता तर काम झालं असतं. पण परेडवरचा माणूस परेड मोडत नाही. हुकूम द्यायला वरचा माणूस लागतो, आणि वरचा माणूस दूध संघात चहा पीत होता.

माझे डोळे भरून आले. रडायचं नाही म्हणून मी दात आवळले.

तेवढ्यात कडुलिंबाखाली बायका बाजूला झाल्या आणि आत्या निघाल्या. परेडच्या पुढून आडवं कुणी जात नाही. एकदा कुत्रं गेलं होतं, तर आबांनी त्याच्या मालकाला आठवडाभर धारेवर धरलं होतं. आत्या सरळ मधून आल्या. इरकलाचा काठ एका हाताने वर धरलेला, चाल ठणठणीत. त्या आबांच्या पुढ्यात येऊन थांबल्या.

"अवं," त्या म्हणाल्या.

आबा हलले नाहीत.

"अवं सुभेदार, तुमास्नी बोलतीया. पोरीला गाडीवर घाला आन् साताऱ्याला न्या."

"परेड सोडता येत न्हाई," आबा ओठ न हलवता म्हणाले.

"परेड काय पळून जात न्हाई. तिची परीक्षा चाललीया."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बबनराव घाईने पुढे झाले. "काकी, आवो असं कसं? मंत्री यायच्या टायमाला वीरपत्नीची खुर्ची रिकामी ठिवायची?"

"रिकामी कशापायी? मी बसतीया."

"पर काकी, तितं वीरपत्नीनं बसायचं असतं. तसा नियम हाय."

आत्यांनी बबनरावांकडे वळून पाहिलं. बबनरावांना त्यांनी लहानपणी नागडं फिरताना पाहिलेलं होतं, आणि ते त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं.

"बबन, हिच्याशी लगीन लागायच्या आदी त्यो कुणाचा हुता रं?"

बबनराव बाजूला सरकले. आत्या पुन्हा आबांकडे वळल्या. आता आवाज खाली आला होता. "तुमी सुभेदार झाला तवा बी मी काय मागितलं न्हाई. आज सांगतीया. जावा."

आबांनी एकदा मान खाली घातली. मग वर करून जोरात ओरडले, "हवालदार कदम!"

"जी साब!"

"परेड संभाळ!"

"जी साब!"

आबांनी बूट आपटला, उजवीकडे वळले आणि चालत जाऊन राजदूतला किक मारली. पहिल्या किकेला ती कधी चालू झाली नव्हती. त्या दिवशीही झाली नाही. तिसऱ्या किकेला झाली. मी मागे बसता बसता वळून पाहिलं. आत्या स्टेजच्या पायऱ्या चढत होत्या, गुडघ्याला हातसुद्धा न लावता.

वाटेत वाऱ्याने आबांची पदकं एकमेकांवर आपटून वाजत होती. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती, की हा पदकं लावलेला म्हातारा सुनेला घेऊन एवढ्या घाईने चाललाय कुठे. मी पिशवी छातीशी धरून बसले होते. रागावले असतील का, परत गेल्यावर काय होईल, परीक्षक दार उघडेल का, सगळं एकदम डोक्यात चाललं होतं.

आणि रेल्वेचं फाटक बंद मिळालं.

आबांनी इंजिन बंद केलं. मी खाली उतरले, फाटकापर्यंत गेले, रुळाकडे वाकून पाहिलं, परत आले, पुन्हा गेले. गाडीचा पत्ता नव्हता.

"हिकडं ये," आबा म्हणाले. "तू फिरलीस म्हणून रेल्वे लवकर येत न्हाई."

मी जवळ जाऊन उभी राहिले. ते हॅण्डलकडे बघत होते.

"तिचं गुडघं ठणठणीत हायत," ते म्हणाले.

"व्हय. बघितलं मी."

"उत्तम गेल्यावर पहिली सव्वीस जानेवारी आली तवा तिनं मला इचारलं हुतं. म्हणाली, म्या एक डाव बसू का तितं? म्या म्हणलं, नियमात बसत न्हाई. फौजेच्या कागदावर नातेवाईक म्हणून बायकूचं नाव असतं, आईचं नसतं. खुर्ची बायकूला. मंग तिनं परत कवाच इचारलं न्हाई." आबांनी हॅण्डलवरची धूळ अंगठ्याने पुसली. "नियम हाय त्यो हाय. म्या काय खोटं सांगितलं न्हवतं."

दुरून शिट्टी ऐकू आली.

"आन् तुला कॉलेजात घालायचं डोस्कं बी तिचंच," आबा म्हणाले. "म्हैनाभर माझ्या मागं लागली हुती. फी माफ हुतीया म्हणून कुटनं तरी ऐकून आली. म्हणायची, तुमीच चवकशी करा, तुमीच न्या. शेवटी नेलं तुला."

"आत्यांनी? का?"

"मला काय ठावं? तिला इचार."

मालगाडी आली. डब्यांमागून डबे जात राहिले. मी ते मोजले नाहीत. फाटक उघडताच आबांनी अशी किक मारली की राजदूत त्या वेळी पहिल्यांदाच एका किकेत चालू झाली.

आम्ही कॉलेजात शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. प्रयोगशाळेच्या दारात आमचे इनामदार सर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आबांच्या छातीकडे, आणि आत परीक्षकांना बोलवायला गेले. परीक्षक बाहेर आले. जाड चष्म्याचे, वैतागलेले गृहस्थ होते. ते तोंड उघडणार तोच आबांनी बूट जुळवून कडक सलाम ठोकला.

"साब, उशीर माझ्यामुळं झाला. हिच्यामुळं न्हाई. सजा द्यायची तर मला द्या."

परीक्षकांपुढे असं काही कुणी कधी केलं नसावं. ते गोंधळले. "अहो आजोबा, हात खाली घ्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वेळ वाढवून मिळणार नाही. चालेल?"

"चालेल, सर."

मी घाईघाईने एप्रन चढवला. पहिलं टायट्रेशन पार वाया गेलं. तोटी जास्त सुटली आणि द्रावण एकदम भडक गुलाबी झालं. मी ते ओतून टाकलं. खिडकीतून बाहेर पाहिलं, तर आबा व्हरांड्यात विश्राममध्ये उभे होते, हात पाठीमागे. बाक रिकामा असून बसले नव्हते. मला काय झालं कोण जाणे, मी शांत झाले. दुसऱ्या वेळी एका थेंबाला रंग फिरला, फिका, जेमतेम दिसेल इतका. पुढच्यालाही तसाच. मी आकडे लिहिले आणि घंटा झाली.

मी त्यात पास झाले, सवलत टिकली, आज मी ज्युनिअर कॉलेजात पोरांना हेच टायट्रेशन शिकवते. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

संध्याकाळी घरी आलो तर कार्यक्रमाची हकीकत दारातच ऐकायला मिळाली. हवालदार कदम आमची वाटच बघत बसले होते. मंत्री भर दुपारी आले. घाईत होते. खुर्चीवर कोण आहे ते त्यांनी पाहिलंही नाही, हार घातला, शाल घातली, दोरी ओढली. केशरी कापड खाली पडलं आणि उत्तमचा पुतळा दिसला. त्याला भरघोस मिशा होत्या. मिशा आबांनी मूर्तिकाराला मुद्दाम सांगून बसवल्या होत्या, शिपाई आहे, मिशी पाहिजे म्हणून. खऱ्या उत्तमला बिचाऱ्याला मिशी फुटायची पंचाईत होती.

"काकी उठल्या," कदम सांगत होते, "आन् मंत्र्यासमोर मोठ्यानं म्हणाल्या, ह्या मिशा कुणाच्या? मंग चौथऱ्यापाशी गेल्या, पुतळ्याच्या ओठावर आसा हात ठिवला, मिशी झाकली. आन् म्हणाल्या, हां. ह्यो माजा." कदमांनी टोपी काढून पुन्हा घातली. आबा गोठ्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांनी पेपर पाठवला. आतल्या पानावर फोटो होता. मंत्री, आमदार, आणि त्यांच्यामध्ये इरकल नेसलेल्या आत्या, गळ्यात हार, मान ताठ. खाली छापलं होतं: ‘वीरपत्नी वैजयंता पिसाळ यांचा सत्कार करताना मंत्रिमहोदय’. फोटो आत्यांचा, नाव माझं.

आत्या चुलीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पिठाचे हात लुगड्याला पुसून त्यांनी पेपर घेतला, फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"खाली काय लिवलंय?"

मी ओळीवर बोट ठेवलं. "वीरमाता सखुबाई यशवंत पिसाळ यांचा सत्कार करताना मंत्रिमहोदय."

"एवढं समदं?"

"एवढं समदं."

त्यांनी पेपर घडी घालून पाटाखाली ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. मी शेजारी बसले.

"आत्या, मला कॉलेजात तुम्ही घातलंत?"

"कुणी सांगितलं? म्हाताऱ्यानं? त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

"का घातलंत पर?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"तुला शिकायचं हुतं," त्या म्हणाल्या. "रातध्याड पुस्तक काढून बसायचीस, बघत हुते न्हवं मी." मग भाकरी उलटली. "आन् मला बसायचं हुतं. म्हणलं, ही कॉलेजात गेली तर कवातरी सव्वीस जानेवारीला गावात नसंल. पर तू मेली दर डाव येळेवर हजर! सुट्टी असती म्हणं त्या दिशी कॉलेजाला. त्ये मला कुटं ठावं?"

आणि त्या हसायला लागल्या. मीही हसले, आणि मग हसता हसता आम्हा दोघींनाही रडू आलं. चुलीच्या धुरावर ढकलून दोघींनी डोळे पुसले.

पुढच्या एक मेला मी आत्यांना हाताला धरून वर बसवलं. बबनरावांनी काही म्हटलं नाही. मी खाली येऊन कडुलिंबाखाली बायकांत उभी राहिले. तिथे त्याआधी मी कधी उभी राहिले नव्हते. तिथून स्टेज अगदी समोर येतं आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाचं तोंड स्वच्छ दिसतं. पदर तोंडाशी नेलेला दिसतो. पदराआड दिलेली जांभईसुद्धा दिसते.

आत्यांनी त्या दिवशी एकही जांभई दिली नाही.